वरच्यांची न्हाणी, खालच्यांचं छत

सोसायटीत भांडणाला पार्किंगही पुरतं, पण दोन घरांतलं बोलणं कायमचं बंद व्हायला छतातून ठिबकणारं पाणी लागतं. खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, कडेला मिठासारखी पांढरी भुकटी धरते. फोटो ग्रुपवर पडतो. वरच्या काकूंचं उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे." काकू खोटं बोलत नसतात. लादीवरून कोरडंच असतं, पाणी खालच्या कोब्यात साचलेलं असतं.

मग प्लंबर येतो, टाइल्सवर दोनदा टकटक करतो आणि सांगतो, "पूर्ण बाथरूम फोडायला लागेल." बाथरूम फुटतं, घरातली माणसं आठवडाभर शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातात, आणि दोन महिन्यांनी डाग पुन्हा उमटतो. कारण पाणी येत होतं पलीकडच्या सिंकखालच्या सांध्यातून. स्लॅबच्या भेगेतून, वायरिंगच्या पाइपाच्या कडेने सरकत ते पंख्याच्या हुकाशीही टपकू शकतं. डाग जिथे, गळती बरोबर त्याच्या वर, हे गृहीतच चुकीचं आहे.

म्हणून ‘कुठे गळतं’ याआधी ‘कधी गळतं’ हे विचारायला हवं. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल, तर संशय बाहेरच्या भिंतीवर किंवा गच्चीवर. आंघोळी उरकल्यावर ठिबक वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप नाहीतर टाइल्सचे सांधे. आणि घर चार दिवस कुलूपबंद असतानाही थेंब थांबत नसेल, तर भिंतीतली नळाची लाइन. गच्चीवरच्या टाकीचा दाब तिच्यावर अहोरात्र असतो. अशा वेळी वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवावा. मुरलेलं पाणी निथळायला वेळ लागतो, त्यामुळे एका रात्रीत निकाल लागेलच असं नाही, पण ठिबक मंदावली तरी दिशा कळते.

लादीची परीक्षा वेगळी. ट्रॅपच्या तोंडात बोळा घालून बाथरूममध्ये दोनेक इंच पाणी चोवीस तास उभं ठेवायचं. पाणी उभं असताना खाली कोरडं आणि बोळा काढताच ठिबक सुरू, तर लादी निर्दोष; दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा पुढच्या पाइपात. फ्लशच्या टाकीसाठी तर कपड्यांची नीळ पुरते. टाकीत थोडी टाकून अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात निळी रेघ उतरली, की वॉशर गेला समजायचं. खर्च जवळपास शून्य, फोडाफोड अजिबात नाही.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण 20 लिटर पाणी. लेखक-व्यंगचित्रकार आबिद सुरती 2007पासून मीरा रोडला रविवारी प्लंबर सोबत घेऊन दारोदार गेले आणि लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून दिले. ते नळ निदान डोळ्यांना दिसत होते. भिंतीतल्या थेंबाला कुणी दार उघडत नाही.

खर्च कुणाचा, यावर मात्र तावातावाने चर्चा होते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने निस्तरायची, घरातल्या संडास-सिंकची ज्याची त्याने. वाटणी स्पष्ट आहे. पण उगम माहीत नसताना ती लावायची कशी? कमिट्या नेमका हाच टप्पा गाळतात आणि थेट नोटीस धाडतात. दोन्ही घरांतल्या माणसांसमोर चाचणी घेणं ही कमिटीचीच जबाबदारी असायला हवी.

तेव्हा छिन्नीचा पहिला घाव बसण्याआधी प्लंबरला विचारा, कोणती चाचणी घेतली आणि काय दिसलं. उत्तर लिहून घ्या, तारीख घाला आणि सोसायटीच्या फायलीत लावा.