पवन म्हणजे वारा नव्हे!

परमुलुखात भाषा न कळण्यातही एक सुख असते. वर्तमानपत्र वाचावे लागत नाही, शेजारच्या टेबलावरचे भांडण मनावर घ्यावे लागत नाही आणि कोणी उपदेश केलाच, तर तो नुसता नाद म्हणून ऐकता येतो. केरळात त्रिशूरला अशी एक रिकामी, आळसावलेली दुपार माझ्या वाट्याला आली. जेवताना दोन शब्दांवर माझे भागले : 'वेळ्ळम' म्हणजे पाणी आणि 'मति' म्हणजे पुरे. आपल्याकडे मति म्हणजे बुद्धी! पानावर हात आडवा धरून 'मति, मति' म्हणणारा मराठीचा प्राध्यापक कसा दिसत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण ही मौज रिकामटेकड्या प्रवाशाची. त्याच गावच्या सोन्याच्या पेठेत आमच्याकडची माणसे भट्टी पेटवून बसली आहेत. त्यांना ती परवडत नाही. सांगलीचे खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याचे माण, खटाव हे अवर्षणाचे तालुके. पावसाने पाठ फिरवली, तशी इथली पोरे गलाईच्या धंद्यात शिरली. जुने सोने-चांदी वितळवायचे, त्यातले हीण काढायचे आणि चोख करून द्यायचे, हे त्यांचे काम. आज देशातल्या कितीतरी शहरांत हे गलाईवाले आहेत.

"पाव्हणं, कंच्या गावचं म्हनायचं?" एका दुकानातून हाक आली. मी सातारा म्हणताच चहा आला.

"मल्याळम कशी शिकलात?" मी विचारले.

"व्याकरण कुठलं, सर! आदी आकडे, मग वजनं, मग शिव्या. शिव्या कळाय लागल्या, की मानूस फसत न्हाई."

वजनांचीही गंमतच. तिकडे सोने तोळ्यावर नाही, 'पवना'वर मोजतात. एक पवन म्हणजे आठ ग्रॅम. पवन म्हणजे वारा समजणाऱ्याची भट्टी पहिल्याच दिवशी विझायची! सुट्या पैशांना मात्र तिथेही 'चिल्लरा'च म्हणतात. तेवढा एक शब्द गावाकडून फुकट आलेला.

त्याची मुलगी तिथल्याच शाळेत चौथीत आहे. घरी माणदेशी मराठी फडाफडा बोलते, पण वाचता येत नाही. जत्रेला गावी आली, की एस.टी.ची पाटी तिला चुलतभाऊ वाचून दाखवतो.

"आमी भाषा शिकलो प्वाटासाठी," बाप म्हणाला. "हिला आपलीच शिकवायची, ती कशापायी म्हनून सांगू?"

एम.ए.च्या कोणत्याही पेपरात हा प्रश्न मला आला नव्हता. मी गप्प राहिलो.

पण केरळच्या शाळांत पाचवीला हिंदी सुरू होते. देवनागरी अक्षरे तिला त्या तासाला भेटतील. हिंदीच्या मुळाक्षरांत 'ळ' नाही, हे खरे. पण तो उच्चार तिच्या मल्याळममध्ये आहे आणि तिच्या आजीच्या बोलण्यातही. राहिले ते एका अक्षराचे वळण. ते कोणीतरी घरच्याने पाटीवर गिरवून दिले, म्हणजे विट्याच्या स्टँडवर 'भाळवणी'ची गाडी ती आपली आपण ओळखील.