न उचललेल्या दूरध्वनीचे मत

१९३६ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची कथा संख्याशास्त्र शिकविणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांनी वर्गात कधी ना कधी सांगितलेली असते. ‘लिटररी डायजेस्ट’ या त्या काळच्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. पत्ते मिळविले ते मुख्यतः दूरध्वनीच्या निर्देशिकांमधून आणि मोटारमालकांच्या नोंदींमधून. वीस लाखांहून अधिक मतपत्रिका भरून परत आल्या आणि त्यांच्या मोजदादीवरून साप्ताहिकाने रिपब्लिकन पक्षाचे आल्फ्रेड लँडन विजयी होणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. लँडन यांच्या वाट्याला मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये आली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांच्या विजयाचे भाकीत केले होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ‘डायजेस्ट’ बंद पडले.

या कथेचे तात्पर्य वर्गात सांगितले जाते ते असे की, मंदीच्या त्या काळात दूरध्वनी आणि मोटार बाळगणारा वर्ग सुखवस्तू होता, रूझवेल्टविरोधी होता आणि म्हणून नमुना एकांगी झाला. हे खरे आहे. परंतु अर्धेच खरे आहे. पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्रज्ञाने १९८८ साली या प्रकरणाची फेरतपासणी केली. १९३७ मध्ये गॅलप यांच्याच संस्थेने गोळा केलेल्या माहितीच्या आधारे त्याने दाखवून दिले की, ज्यांच्याकडे मतपत्रिका पोहोचल्या त्या सर्वांनी त्या भरून पाठविल्या असत्या, तर निदान विजेत्याचे नाव तरी बरोबर निघाले असते. म्हणजे पत्त्यांच्या यादीत दोष होताच. पण त्याहून घातक दोष होता तो उत्तर न देणाऱ्यांच्या मौनात. ज्यांना राग होता त्यांनी तत्परतेने मतपत्रिका भरल्या. जे संतुष्ट होते त्यांतील बहुतेकांनी ती बाजूला ठेवून दिली.

दूरध्वनीवरून घेतलेल्या जनमत चाचण्यांचा पुढचा इतिहास पाहिला, म्हणजे या दोन दोषांपैकी पहिल्यावर उपाय सापडला आणि दुसरा मात्र फिरून उफाळून आला, असे दिसते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील दहापैकी सुमारे नऊ घरांत दूरध्वनी पोहोचला होता. तेव्हा वॉरन मिटॉफ्स्की आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी क्रमांक यादृच्छिकपणे निवडण्याची पद्धत रूढ केली. निर्देशिकेत नाव असो वा नसो, प्रत्येक दूरध्वनीला निवडले जाण्याची संधी मिळू लागली. घरोघरी माणसे पाठविण्यापेक्षा खर्च कमी, काम चार दिवसांत पुरे आणि निष्कर्ष बव्हंशी विश्वसनीय. घंटा वाजली की घरातील कोणी ना कोणी लगबगीने तो उचलीत असे, त्या काळाची ही पुण्याई होती.

तो काळ आता सरला आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने आपल्या दूरध्वनी चाचण्यांचे आकडे स्वतःच प्रसिद्ध केले आहेत. १९९७ मध्ये शंभरांपैकी ३६ जणांकडून मुलाखत मिळत असे; २०१२ मध्ये हे प्रमाण ९ वर आले आणि २०१८ मध्ये ६ वर. अनोळखी क्रमांकावरून विमा विकणारे, कर्ज देऊ करणारे आणि फसविणारे यांचाच सुळसुळाट झाल्यावर शहाण्या माणसाने फोन न उचलणे हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

वृत्तपत्रांत अशा चाचणीखाली एक ओळ छापलेली असते: एक हजार मतदारांची चाचणी, त्रुटीची मर्यादा अधिक-उणे तीन टक्के. वाचकाला वाटते की, चूक झाली तरी तीन टक्क्यांहून मोठी होणार नाही. वस्तुतः हा तीनचा आकडा केवळ योगायोगाने होणाऱ्या चुकीचा आहे आणि उत्तर देण्याची तयारी सर्वांची सारखीच आहे असे गृहीत धरूनच तो काढलेला असतो. ते गृहीत किंचित ढळले तर काय होते, हे पाहण्यास फार गणित लागत नाही. समजा, दोन पक्षांचे मतदार अगदी समसमान आहेत. पहिल्या पक्षाच्या शंभरांपैकी सहा जण फोनवर बोलावयास तयार होतात आणि दुसऱ्याच्या शंभरांपैकी पाच. फरक शंभरांत एकाचा. पण चाचणीत पहिल्या पक्षाला साडेचोपन्न टक्के मते दिसतील आणि दुसऱ्याला साडेपंचेचाळीस. बरोबरीच्या सामन्यात नऊ टक्क्यांची आघाडी निर्माण झाली! नमुना एक हजारावरून एक लाखावर नेला तरी ती आघाडी हटणार नाही; उलट त्रुटीची मर्यादा कमी छापली जाऊन तिच्यावरील विश्वास मात्र वाढेल. शंभरांपैकी साठ आणि एकसष्ट जण बोलत असते, तर याच एकाच्या फरकाने बाधा झाली नसती. प्रतिसाद आटला की लहानसा फरकही असा मातब्बर होतो.

चाचणी घेणारे यावर उपाय करतात तो भारांकनाचा. तरुण कमी भेटले तर भेटलेल्या तरुणांच्या मताला अधिक भार, कमी शिकलेले कमी भेटले तर त्यांच्या मताला अधिक भार. भारित सरासरीची कल्पना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नवीन नाही आणि उपाय अशास्त्रीयही नाही. परंतु कोणत्या गोष्टीला किती भार द्यावयाचा, हा निर्णय अखेर माणसाचा असतो. २०१६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याविषयी एक मोठा उद्बोधक प्रयोग केला. फ्लोरिडा राज्यातील ८६७ मतदारांच्या चाचणीची मूळ उत्तरे त्याने चार निरनिराळ्या तज्ज्ञांच्या हाती दिली. उत्तरे तीच, मतदार तेच. परंतु एकाच्या हिशेबात हिलरी क्लिंटन चार टक्क्यांनी पुढे, दुसऱ्याच्या तीन, तिसऱ्याच्या एक आणि चौथ्याच्या हिशेबात डोनाल्ड ट्रम्पच एका टक्क्याने पुढे. पाच टक्क्यांचे हे अंतर मतदारांनी निर्माण केले नव्हते, ते हिशेबनिसांनी केले होते. आणि ही मंडळी अप्रामाणिक होती असेही नव्हे, हे विशेष.

भारांकनाला आणखी एक मर्यादा आहे. पदवी नसलेल्या दहा जणांच्या मताला दुप्पट भार देताना, फोन न उचलणारे पदवीहीन मतदार याच दहा जणांसारखे विचार करतात, असे धरावे लागते. २०१६ मध्ये अनेक राज्यांतील चाचण्यांनी शिक्षणाचा विचारच केला नव्हता, ही चूक पुढे मान्य करण्यात आली. २०२० मध्ये ती पुष्कळ अंशी सुधारली गेली. तरीही त्या वर्षीच्या राष्ट्रीय चाचण्यांची चूक चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी ठरली, असा निर्वाळा अमेरिकेतील जनमत-संशोधकांच्या संघटनेनेच दिला. ट्रम्प यांचे समर्थक चाचणीवाल्यांशी बोलण्यासच कमी राजी असावेत, ही शक्यता त्या अहवालाने बोलून दाखविली. मात्र जे बोललेच नाहीत त्यांच्याविषयी पुरावा आणावयाचा कोठून? २०२४ मध्ये चूक आकाराने लहान झाली. दिशा मात्र तीच राहिली.

त्या २०२४ च्या निवडणुकीत सर्वांत बोलके उदाहरण घडले ते आयोवा राज्यात. अ‍ॅन सेल्झर यांची तेथील दूरध्वनी चाचणी सबंध देशात प्रमाण मानली जात असे. २०१६ आणि २०२० मध्ये इतर संस्था चुकल्या असता त्यांचा अंदाज निकालाच्या अगदी जवळ गेला होता. २०२४ मध्ये मतदानापूर्वी काही दिवस त्यांच्या चाचणीने कमला हॅरिस यांना तीन टक्क्यांची आघाडी दाखविली. निकालात ट्रम्प तेरा टक्क्यांनी विजयी झाले. बाई त्याच, पद्धतही बव्हंशी तीच. जी पद्धत दोनदा तारते, ती तिसऱ्यांदा का बुडविते, याचे उत्तर पद्धतीपेक्षा तिला प्रतिसाद देणाऱ्यांत शोधावे लागेल.

यावर कोणी म्हणेल की दूरध्वनी सोडा, इंटरनेटकडे वळा. ब्रिटनमध्ये २०१५ साली दोन्ही प्रकारच्या चाचण्यांनी हुजूर आणि मजूर पक्षांत अटीतटीची लढत सांगितली होती. हुजूर पक्ष सुमारे साडेसहा टक्क्यांनी पुढे गेला. नंतरच्या चौकशीत नमुनाच प्रातिनिधिक नव्हता, असा निष्कर्ष निघाला.

भारतात हा प्रश्न अधिकच बिकट आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू करून दिली ती दारोदार जाणाऱ्या माणसांच्या बळावर. एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र पथके पाठवून त्यांच्या आकड्यांतील तफावत तपासण्याची त्यांची पद्धत जगाने उचलली. मतदारयादीतून नावे काढून घरी जाऊन विचारण्याची शिस्त आजही काही अभ्याससंस्था पाळतात. पण ती खर्चिक आहे, आणि निवडणुकीच्या धामधुमीत स्वस्त व झटपट आकड्यांना मागणी असते. म्हणून फोन. आता, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील स्वतःच्या वापराचा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होते. ग्रामीण भागात ते निम्म्याहूनही कमी. फोन घरात असतो, पण तो यजमानांच्या खिशात. अशा घरातील बाईचे मत विचारू गेल्यास ते सांगतो कोण, हे निराळे सांगावयास नको. शिवाय पलीकडून बोलणारा कोणत्या पक्षाचा, ही शंका आपल्याकडील मतदाराच्या मनात असतेच आणि ती अगदीच निराधार नसते.

अशा आकड्यांची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. १ जून २०२४ च्या संध्याकाळी आलेल्या मतदानोत्तर चाचण्यांतील बहुतेकांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या. त्या चाचण्या सगळ्याच फोनवरच्या नव्हत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला आणि ४ जूनला, आघाडी २९३ वर थांबताना दिसू लागताच, जवळजवळ चार हजार चारशे अंशांनी कोसळला. चढत्या दिवशी आपली शिल्लक बाजारात घालणारे सगळेच काही धनाढ्य सटोडिये नसतात.

मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत जनमत चाचण्या इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून प्रसिद्ध करण्यास आपल्याकडे बंदी आहे. मतदानोत्तर चाचण्यांवरही शेवटचा टप्पा संपेपर्यंत बंदी आहे. कायदा आकडा केव्हा छापावा एवढेच पाहतो. तो कसा आला, हे विचारण्याचे काम वृत्तपत्रांनी करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. त्रुटीच्या मर्यादेची ती एक ओळ जेथे छापतात तेथेच आणखी तीन आकडे छापावेत: किती क्रमांक फिरविले, कितींनी फोन उचलला आणि भार देण्यापूर्वी कोणत्या पक्षाला किती मते होती. जी संस्था हे तीन आकडे देणार नाही, तिची चाचणी पहिल्या पानावर घेऊ नये.