स्क्रॅच बाटत नसतो

‘सीडीवर स्क्रॅच म्हणजे चीटिंग,’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. टेक्निक्सनं १९७२ मध्ये एसएल-१२०० काढलं ते घरी निवांत गाणी ऐकणाऱ्यांसाठी. सुईखालची रेकॉर्ड हातानं मागेपुढे घासणं हा टर्नटेबलचा गैरवापरच! सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ग्रँड विझर्ड थिओडोरनं तो केला आणि त्याची कला झाली. मग २००१ च्या पायोनियर सीडीजे-१००० वर तेच केलं तर बाटलं कसं?

फरक आहे, पण वेगळाच. सीडीजेमध्ये गाणं आधी मेमरीत येतं. वरची चकती फक्त ‘कुठून, किती वेगानं वाजव’ एवढं सांगते. तिला मोटर नाही. मिक्सिंगला झकास, पण स्क्रॅच करताना हाताला ओढ जाणवत नाही. डेनॉन डीएन-एस५००० आणि टेक्निक्स एसएल-डीझेड१२०० नं मोटरवर फिरणारी तबकडी दिली ती त्यासाठीच. तुलना करायची तर या ओढीची करा, पावित्र्याची नको.

आजीची ओवी मी फोनवर रेकॉर्ड केली, हॉस्टेलवर रात्री दोनला सीडीवर बर्न केली आणि स्क्रॅच केली. एका प्रतीसाठी विनाइलचा कारखाना कुणी चालवला असता?