घर विकताना वकील कोणाचा?

मुंब्रा-कौसा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गल्लोगल्ली इस्टेट एजंट आहेत. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपास टायपिंग, स्टॅम्प आणि नोंदणी 'करून देणारे' बसलेले असतात. त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, विसार घेतला, सह्या केल्या की घर विकले गेले, असा आपल्या लोकांचा समज झाला आहे. घर घेणारा निदान चार ठिकाणी चौकशी करतो. विकणारा भाव ठरला की निर्धास्त होतो. आमच्या मते अधिक सावध राहायला हवे ते विकणाऱ्याने, आणि घरावर कर्ज बाकी असेल तर फारच.

प्रथम वकिलाची गोष्ट. मुंबईत फोर्टातील सॉलिसिटरांच्या पेढ्यांकडे जाण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे बहुधा एजंटच 'आपला वकील' घेऊन येतो. घेणारा कर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेचा वकील नोंदणी कार्यालयातील जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट देतो. हा वकील बँकेसाठी काम करतो आणि त्याची फी घेणाऱ्याच्या खिशातून जाते. विकणाऱ्याचे पैसे कधी आणि कसे मिळणार, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे टेबलाभोवती पाच माणसे बसतात, पण विकणाऱ्याच्या बाजूचा त्यांत एकही नसतो. लग्नात मंडपावर लाखो रुपये उधळणारे आपण, आयुष्याची कमाई विकताना काही हजारांची वकील फी वाचवतो!

समजा, घर 46 लाखांना ठरले. तुमच्या बँकेचे 18 लाख बाकी आहेत आणि मूळ करारनामे तिच्याच ताब्यात आहेत. घेणारा 35 लाखांचे कर्ज काढणार, 11 लाख स्वतःचे देणार. त्याची बँक नोंदणीकृत साठेखताशिवाय पैसे सोडत नाही. तुमची बँक कर्ज फिटल्याशिवाय कागद सोडत नाही. तुम्ही मध्ये. यावर वाट आहे. आपल्या बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि तिच्याकडील कागदपत्रांची यादी लेखी घ्यावी. घेणाऱ्याच्या बँकेने 18 लाखांचा धनादेश थेट तुमच्या कर्जखात्यावर काढावा, आणि उरलेले 17 लाख तुमच्या नावे. मात्र हे सर्व साठेखतात आधी लिहिलेले हवे. घेणाऱ्याचे कर्ज नामंजूर झाले तर काय, किती दिवसांत व्यवहार रद्द होणार, विसाराचे काय, हेही त्यातच यावे. नाहीतर साठेखत नोंदलेले, पैसे आलेले नाहीत आणि दुसऱ्याला विकताही येत नाही, अशी अवस्था होते. पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत चावी देऊ नये, मग घेणारा सख्खा मावसभाऊ का असेना. पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असेच सांगते. नात्यातल्यांना त्यातून सूट दिलेली नाही.

व्याजाचा प्रश्न स्वतंत्र आहे, त्यावर येथे लिहीत नाही. पण कर्जातून लवकर सुटू पाहणाऱ्यांनी एक जाणावे. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना तशी मनाई केली. दुसरा नियम 13 सप्टेंबर 2023 चा, 1 डिसेंबर 2023 पासून लागू झालेला. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यावयाची आणि नोंदवलेला बोजाही काढावयाचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5000 रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नकला मिळवून देण्याचा खर्च बँकेचा. त्यासाठी मात्र तिला आणखी 30 दिवस मिळतात. शाखेत 'कागद मुख्य कार्यालयात आहेत, नंतर या' असे उत्तर मिळाले की लोक मुकाट्याने परततात. त्यांनी या नियमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

रोखीचा मोह टाळावा. 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा अधिक रोख स्वीकारण्यास बंदी आहे आणि तितक्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर नव्हे, रोख स्वीकारणाऱ्या विक्रेत्यावर बसतो.

वडिलांच्या नावचे घर असेल तर गुंता वाढतो. सोसायटीत भावाचे नाव नॉमिनी म्हणून लागले, म्हणून तो मालक होत नाही. शरीयतप्रमाणे बहिणींचा आणि आईचा हिस्सा आहेच. सह्यांच्या आदल्या रात्री बहिणीला फोन करून 'उद्या हक्कसोड पत्रावर सही कर' म्हणणारे भाऊ आपल्या समाजात आहेत, हे लिहिताना शरम वाटते. वकील वारसांच्या सह्या मागतो तेव्हा तो अडवणूक करतो असे नाही.

घर अनधिकृत इमारतीत असेल तर विकणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. नोटरीसमोरचा करार आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले. तरी मुंब्र्यात तसेच व्यवहार चालतात. 'बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत पक्की', हा दिलासाही पोकळ आहे. डोंबिवली परिसरातील 65 इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, तेव्हा तेथील अनेक कुटुंबांच्या डोक्यावर बँकांचेच गृहकर्ज होते.