हिशेबात मेकॅनिकची मजुरी शून्य

जुनी गाडी घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची आणि नफा मोजायचा, असे टीव्ही कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि आवडीने पाहिले आहेत. तरीही त्यांच्याबद्दल माझी एक मोठी तक्रार आहे. यातला सगळ्यात गाजलेला कार्यक्रम, ब्रिटनमधला ‘व्हीलर डीलर्स’, भागाच्या शेवटी प्रेक्षकाला खोटा हिशेब दाखवतो. तो आपल्याला खटकत नाही, कारण आपल्या गॅरेजांतही तसाच हिशेब चालत आला आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. माईक ब्रुअर हा व्यापारी आणि एड चायना हा मेकॅनिक. माईक गाडी शोधतो, घासाघीस करतो, हातात हात देऊन सौदा पक्का करतो. मग गाडी एडच्या ताब्यात जाते. तो क्लच उतरवतो, गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करतो, बिघाड कशामुळे झाला ते शांतपणे समजावून सांगतो. शेवटी माईक गिऱ्हाईक आणतो आणि हिशेब होतो. गाडी इतक्याला घेतली, सुट्या भागांना इतके लागले, इतक्याला विकली, नफा इतका.

एडची मजुरी कुठे आहे? नाही. वर्कशॉपचे भाडे, लिफ्ट, वीज, हत्यारे? तीही नाहीत.

मी गणिताचा शिक्षक नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण नफा-तोट्याचे उदाहरण सोडवताना खरेदीच्या किमतीत वरखर्चही मिळवायचा असतो, एवढे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. समजा, एक गाडी १ लाखाला घेतली, ४० हजारांचे भाग घातले आणि १ लाख ६५ हजारांना विकली. नफा २५ हजार. टाळ्या! आता त्या गाडीवर मेकॅनिकने १० दिवस रोज ८ तास काम केले असे धरा. ८० तास झाले. तासाला ३०० रुपये लावले तरी २४ हजार होतात. उरले १ हजार, आणि अजून भाडे द्यायचे आहे. म्हणजे तो नफा गाडीतून आलेलाच नव्हता. एका माणसाच्या ८० तासांपुढे शून्य लिहिले म्हणून तो दिसला.

माझे सहकारी म्हणतात, “सर, करमणूक आहे, एवढे काय मनावर घेता?” करमणूक असेल तर खुशाल असू द्या, मग हिशेब दाखवू नका. एडला वाहिनीकडून मोबदला मिळतच असणार, तो फुकट राबला असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. कार्यक्रम चालतो वाहिनीच्या पैशावर आणि दाखवतो मात्र असे की गाडी खरेदी-विक्रीवर पोट भरते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हे पाहतो तेव्हा त्याला पैसा कमावणारा माणूस माईक दिसतो. एड दिसतो तो छंद म्हणून काम करणारा उंच, भला माणूस. (छंदिष्ट तो आहेच. सोफ्याला इंजिन बसवून १९९८ साली त्याने तो ताशी १४० किलोमीटरच्या वेगाने पळवला होता.)

पुढे जे झाले ते या हिशेबाला साजेसेच झाले. २०१७ मध्ये एडने कार्यक्रम सोडला. त्याने स्वतः व्हिडिओ करून कारण सांगितले. वर्कशॉपमधले त्याचे तपशीलवार काम वाहिनीला कमी करायचे होते, कारण ते दाखवणे अवघड जात होते. त्याच्या जागी अँट अँस्टेड आला, त्यानंतर फॉर्म्युला वनच्या संघात मेकॅनिक राहिलेला मार्क प्रीस्टली आला. दोघेही जाणकार, त्याबद्दल शंका नाही. पण मेकॅनिक बदलत गेले आणि व्यापारी तोच राहिला.

टेक्सासमधला ‘फास्ट अँड लाऊड’ तर मला अर्ध्या तासापलीकडे बघवत नाही. सगळी घाई, पैजा आणि आरडाओरडा. त्या मानाने ‘कार एसओएस’ बरा. त्यात गाडी विकायची नसते. आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे ज्याची गाडी पडून राहिली त्याला ती दुरुस्त करून परत देतात. विक्री नाही, म्हणून खोट्या नफ्याचीही गरज नाही.

आता आपल्याकडे या. आपल्या समाजातले किती लोक स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतात हे सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले आहे. त्यात गॅरेजवाले किती दिसतात हे कोणत्याही तालुक्याच्या स्टँडमागे चक्कर मारली तरी कळते. तिथे गिऱ्हाईक कसे बोलते ते ऐका. पार्ट २,२०० चा आहे म्हटले की मुकाट्याने देतो, कारण खोक्यावर किंमत छापलेली असते. मजुरी ५०० म्हटली की, “भाई, अर्ध्या तासाचे ५०० काय?” अर्ध्या तासात काम झाले ते त्यामागे २० वर्षे घातली म्हणून, हे कुठल्या खोक्यावर छापणार? आवाज ऐकून बेअरिंग गेले हे ओळखण्याचे तर कोणी काहीच देत नाही. नव्या गाड्यांना स्कॅनर लागतो, तो उस्तादाने कर्ज काढून घेतलेला असतो. तोही फुकटच लावून पाहायचा.

गंमत अशी की हिशेब, नफा, मजुरी, दुरुस्ती, कारागीर, दलाल हे सगळे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आणि मराठीचेच झाले. शब्द आपण नीट सांभाळले, हिशेब मात्र दलालाच्या बाजूने करायला शिकलो.

इथपर्यंत गॅरेजवाले माझ्यावर खूश असतील. पुढचे त्यांना आवडणार नाही. गिऱ्हाईक उस्तादाशी जे करते तेच उस्ताद पोराशी करतो. दहावीनंतर, पुष्कळदा दहावीआधीच, आमच्या वर्गातला मुलगा गॅरेजात जातो. वर्षभर पाने देतो, चहा आणतो, गाडीखाली झोपतो. पगार विचारला की उत्तर मिळते, “अभी काम सीख रहा है.” शिकवणे ही मेहेरबानी आणि त्याने उचललेले काम शून्य. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, ते वेगळेच. एड चायना नारिंगी हातमोज्यांशिवाय कधी दिसत नसे. आमची पोरे काळे ऑइल उघड्या हाताने काढतात आणि हात पेट्रोलने धुतात. कार्यक्रमातून काही उचलायचेच असेल तर ते हातमोजे उचला.

आई-वडिलांनाही एक सांगायचे आहे. गॅरेज म्हणजे वाया गेलेले पोर, असे समजू नका. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ज्यांनी हाताने शिकले आणि कागद नाही, त्यांच्या जुन्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. ते घेतलेला मेकॅनिक बँकेत कर्ज मागायला गेला तर निदान काहीतरी दाखवू शकतो.

एका उस्तादाशी यावर माझा वाद झाला. तो म्हणाला, “सर, गिऱ्हाईक मलाच देत नाही, मी पोराला कुठून देऊ?” प्रश्न खरा आहे. पण त्याच्याकडे बिलबुकच नव्हते. पार्टचे बिल दुकानदाराचे आणि मजुरी तोंडी. तोंडी आकडा गिऱ्हाईक तोंडीच कमी करणार. मी म्हटले, बिल छापून घ्या, त्यात पार्टचा एक रकाना, कामाच्या तासांचा दुसरा आणि मदतनिसाच्या तासांचा तिसरा ठेवा. पहिले दोन त्याला लगेच पटले. तिसऱ्यावर तो हसला आणि पोराला चहा आणायला पाठवले.