मैत्रीची सुरुवात स्वतःपासून

परीक्षेत मार्क कमी पडले की घरात पोराला कोण बोलत नाही? आई बोलते, वडील बोलतात, शेजारीही दोन शब्द सुनावून जातात. पण सर्वांत जास्त बोलते ते पोर स्वतःलाच. ‘मी ढ आहे, माझ्याच्याने काही होणार नाही,’ हे ते रात्रभर घोकत राहते. आम्हां पालकांना वाटते, टोचल्याशिवाय मूल अभ्यासाला बसत नाही. हा समज आता तपासून पाहिला पाहिजे.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीची करुणा मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांनी या करुणेची तीन अंगे सांगितली: स्वतःशी मायेने वागणे, अपयश सर्वांच्याच वाट्याला येते हे ओळखणे आणि दुःखाकडे सजगपणे पाहणे. हा विचार बौद्ध परंपरेतून घेतल्याचे त्या मोकळेपणाने सांगतात. आचार्य बुद्धघोषांनीही ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासूनच करायला सांगितले आहे.

याने मुले आळशी होतील, असे कोणी म्हणेल. २०१२ साली ब्राइन्स आणि चेन या संशोधिकांनी बर्कले येथे हेच तपासले. शब्दज्ञानाच्या अवघड परीक्षेत अपयश आल्यावर काही विद्यार्थ्यांना त्यांनी स्वतःला समजून घ्यायला सांगितले. पुढच्या परीक्षेसाठी त्यांनीच इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. २०१४ च्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलींना तीन आठवडे असे शिक्षण दिले, तेव्हा त्याच त्या काळज्या उगाळणे कमी झाले.

मेंदूतही फरक दिसतो. २०१० साली ब्रिटनमधील संशोधकांनी एमआरआय यंत्राने पाहिले, की स्वतःला दोष देताना चुका हेरणारे व कृतीला लगाम घालणारे भाग जागे होतात. स्वतःला धीर देताना मात्र दुसऱ्याविषयीच्या करुणेशी जोडलेले भाग काम करतात.

घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली आमची मुले वसतिगृहात एकटी असतात, टोमणेही ऐकतात. अन्यायाविरुद्ध उभे राहायचेच. पण त्याचा दोष स्वतःच्या माथी मारून घ्यायचा नाही, हे त्यांना आम्हीच सांगितले पाहिजे.

म्हणून माता-पित्यांनो, निकालाच्या दिवशी मुलीला एवढेच विचारा, ‘तुझ्या मैत्रिणीला असे मार्क पडले असते, तर तू तिला काय म्हणाली असतीस?’ ते तिला वहीत लिहू द्या, मग स्वतःसाठी वाचू द्या. चुका त्यानंतर शोधाव्यात. मूल जेवेनासे, झोपेनासे झाले, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करावा. त्यात कमीपणा कसला?