जस्त चढतं, पण परत उतरतं किती?

भिवंडीतल्या नारपोलीत माझं झिंक प्लेटिंगचं लहान युनिट आहे. गोदामांच्या रॅकचे ब्रॅकेट, यंत्रमागाचे नटबोल्ट हा रोजचा माल. म्हणून लिथियमला पर्याय म्हणून जस्ताच्या बॅटरीचं कौतुक ऐकलं, की मी एवढंच विचारतो: चढवलेलं जस्त परत उतरतं किती?

चार्ज करताना द्रावणातलं जस्त पत्र्यावर चढतं, वापरताना पुन्हा विरघळतं. आमचाच बाथ, रोज उलटसुलट चालणारा. गोदामांच्या आगी पाहणाऱ्या भिवंडीला ही बॅटरी हवीच आहे, कारण तिचं द्रावण पाण्याचं, ते पेट घेत नाही. जस्त राजस्थानात निघतं, झिंक सल्फेट कृषी केंद्रातही मिळतं.

अडचण चढवण्यातच आहे. बाथ तपासायला आम्ही हल सेल लावतो. तिरप्या बाजूचं २६७ मिलिलिटरचं भांडं, त्यात तिरका पत्रा. पाच मिनिटं करंट दिला, की बाथ बिघडलेला असेल तर अॅनोडजवळची कड काळी, खरखरीत, ‘जळालेली’ निघते. बॅटरीत हीच खरखर सुयांसारखी वाढते आणि सेपरेटर भेदून शॉर्ट करते. काही करंट पाणी फोडून हायड्रोजन काढण्यात वाया जातो. आम्ही ब्राइटनर घालतो. संशोधकही द्रावणात अॅडिटिव्ह घालतात, मीठ वाढवून मोकळं पाणी कमी करतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ग्राफीनच्या थरावर जस्ताचे स्फटिक सपाट बसवून दाखवले.

पण हिशेब कडक आहे. माझ्या बाथमध्ये शंभरातला ९५ भाग करंट कामी आला तर मी खूश. जादा जस्त नसेल, तर तेवढ्या परताव्यावर बॅटरी २० फेऱ्यांत ३६ टक्क्यांवर येते. ९९.९ टक्के परतावा असला तरी हजार फेऱ्यांनंतर ३७ टक्केच उरतं. रोज एक फेरी धरली, तर हे पावणेतीन वर्षांत होतं. तेवढ्याच फेऱ्यांत नव्वद टक्के टिकवायला ९९.९९ लागतं.

मग हजारो फेऱ्यांचे दावे कसे होतात? अनेकदा पत्रा जाड घेतात आणि तूट त्या साठ्यातून गुपचूप भरून निघते. शिवाय फेऱ्या घाईघाईने उरकतात. आमचा इन्व्हर्टर मात्र चार्ज होऊन वीज जाण्याची वाट बघत दिवसचे दिवस बसतो, आणि तेवढ्या वेळात पाण्यात जस्त गंजतं.

म्हणून सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनात आणि खरेदीच्या निविदेत तीन आकडे सक्तीचे करा: पत्र्यात एकूण जस्त किती, दर फेरीला त्यातलं वापरलं किती, आणि चार्ज करून दोन दिवस ठेवल्यावर परत मिळालं किती.

माझं गिऱ्हाईक साधा ब्रॅकेट घेतानाही थराची जाडी मोजतं, सॉल्ट स्प्रेच्या गंज-चाचणीचे तास विचारतं. बॅटरीला लाखो रुपये मोजणाऱ्या कारखानदाराला एवढं विचारायचा हक्क नक्कीच आहे.